हात हलू दे गं, ट्रिगर सांभाळ

अगं, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. ‘माझा हात हलतो, म्हणजे पिस्तूल माझ्या नशिबात नाही’ हे जे तू धरून बसली आहेस ना, ते साफ चुकीचं आहे. हात सगळ्यांचाच हलतो. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतचा हलतो, ऑलिम्पिकचं पदक आणणाऱ्या मनू भाकरचाही हलतो. खांद्याच्या उंचीवर एकच हात सरळ ताणायचा, त्यात किलोभर वजन धरायचं, आत श्वास चालू, नाडी चालू. हलणार नाही तर काय होईल? तू हात थांबवायला निघालीस, तिथेच सगळी शक्ती वाया चालली आहे. लक्ष द्यायचं आहे ते दोन जागी: पिस्तूल हातात कसं बसलंय आणि ट्रिगर कसा दाबला जातोय. बाकीचं हळूहळू मागून येतं.

खरं सांगू का, हे एकदा हिशेब करून बघितलंस की भीती निम्मी होईल. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर असतो. पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरने बाहेर सरकतं. आता समज, तुझ्या पिस्तुलाची पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत अगदी मधोमध आहे, दोन्हींचे माथे एका रेषेत आहेत, आणि पूर्ण हातच पाच मिलिमीटर डावीकडे सरकला. छर्राही पाचच मिलिमीटर डावीकडे जाईल. तरी दहाच! पण हात जागच्या जागी राहिला आणि ट्रिगर ओढताना मनगट वळून पुढची साईट खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर काय होईल? दोन साईटमधलं अंतर साधारण तेहतीस सेंटिमीटर धर. कागद दहा मीटरवर. म्हणजे तो एक मिलिमीटर कागदावर पोचेपर्यंत तीस पट होतो, चांगला तीन सेंटिमीटर. तुझा दहा गेला थेट सातच्या घरात.

बघ, पूर्ण हात हलल्याने जे बिघडलं नाही, ते मनगटाच्या एका झटक्याने बिघडलं. म्हणून म्हणते, हाताला हलू दे. साईट एका रेषेत ठेव आणि ट्रिगर दाबताना ती रेष मोडू देऊ नकोस.

आता ग्रिपकडे ये. मुलींची पहिली तक्रार ठरलेली असते, ‘ताई, माझा हातच लहान आहे.’ अगं, हात लहान नाही, मूठ मोठी आहे! क्लबातलं पिस्तूल बहुधा थोराड हाताच्या मापाचं असतं. मॅच पिस्तुलाची लाकडी मूठ छोट्या, मधल्या, मोठ्या मापात मिळते, आणि तळहाताखालची फळी स्क्रू ढिला करून वरखाली सरकवता येते. स्वतःचं पिस्तूल असेल तर मूठ कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून, नाहीतर लाकडाची लांबी भरून आपल्या हाताजोगी करून घेतात. उगाच अडून बसू नकोस, प्रशिक्षकांना सांग. क्लबच्या मुठीला मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मूठ कुठे बसत नाही हे कसं ओळखायचं? तळहाताला थोडी टाल्कम पावडर लाव, नेहमीसारखं पिस्तूल धर आणि सोड. मग हात उघडून बघ. पावडर कुठे पुसली गेली आणि कुठे तशीच राहिली, ते तळहातावर स्पष्ट दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या अंगठ्याखालचा सगळा उंचवटा पांढराशुभ्र राहिला होता. लाकूड तिथे टेकतच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शॉटला पिस्तूल त्या पोकळीत सरकायचं. फळी थोडी वर घेतली आणि तेवढी पोकळी भरली. तिने हाताची ताकद काही वाढवली नव्हती, पण छर्रे एकमेकांच्या जवळ यायला लागले.

पिस्तूल उचलायचीही एक रीत असते. डाव्या हाताने नळीकडून धर आणि उजव्या हातात बसव. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं मुठीच्या मागच्या वळणात जितकं वर जाईल तितकं वर घाल. नळीची रेष मनगटातून पुढच्या हाताच्या रेषेत आली पाहिजे. मग मधलं बोट आणि अनामिका गुंडाळ. दाब या दोन बोटांचा, आणि तो समोरून सरळ मागे तळहाताकडे. करंगळी नुसती सोबत राहू दे, अंगठ्याने ढकलू नकोस, तो आडवा निवांत पडू दे. मनगट कुलूप लावल्यागत ताठ. (डावखुरी असशील तर सगळं उलट वाच, बाई.)

किती घट्ट धरायचं, हे तुला कुणी ग्रॅममध्ये सांगणार नाही. हे करून बघ: मूठ हळूहळू आवळत जा. एका जागी हात थरथरायला लागतो. तिथून थोडं सैल सोड, थरथर थांबेल तिथे थांब. तोच तुझा दाब. तो हात वर जाण्याआधी ठरला पाहिजे आणि छर्रा सुटल्यावरही तसाच राहिला पाहिजे. अर्ध्यात वाढला की खेळ बिघडला.

मग डोळे मिटून हात नेमाच्या उंचीला उचल आणि डोळे उघड. पुढची साईट खाचेत मधोमध आली का? प्रत्येक वेळी डावीकडेच, नाहीतर उजवीकडेच दिसत असेल तर मनगट वळवून तिला मधे ओढू नकोस. तसं ओढलंस तर दाबताना मनगट पुन्हा आपल्या जागी पळणार. पिस्तूल काढ आणि हातात थोडं फिरवून परत बसव. पिस्तूलच कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूला जातंय असं वाटलं तर हात नको वळवू, पाय सरकव. हे कंटाळवाणं वाटेल, पण रोज करायचंच. जी मूठ दर वेळी वेगळी बसते, तिच्यावर साईटच्या स्क्रूचे कितीही क्लिक फिरव, उपयोग नाही.

आता ट्रिगर. बोटाचं टोक नाही आणि सांधाही नाही, पहिल्या पेराच्या मधली गादी ट्रिगरवर टेकव. बोटाची बाकीची लांबी लाकडाला लागता कामा नये, तिथे थोडी फट दिसली पाहिजे. नख वाढलेलं असेल तर काप गं. लग्नसराईत हौसेने वाढवलेली नखं मला कळतात, पण तर्जनीचं तेवढं छोटं ठेव. बांगडी, घड्याळ, मनगटावरचा गंडा असं पिस्तुलाच्या हातात काहीही नियमाने चालत नाही. ते आधीच काढून ठेवत जा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी हात अनोळखी वाटणार नाही.

दहा मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी तपासणीला गेलीस की बघशील: पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, की पास. आता विचार कर, पिस्तूल स्वतः जेमतेम किलोभराचं. बोटाने त्याला अर्धा किलोचा दाब देतेस. हा दाब सरळ मागे गेला तर ठीक, पण थोडासा जरी बाजूला गेला तर एवढं हलकं पिस्तूल वळणारच. म्हणूनच ट्रिगरसाठी इतका जीव ओतायचा.

ट्रिगरला बहुतेक वेळा दोन टप्पे असतात. पहिला मोकळा, मग एक भिंत लागते. हात नेमाच्या जागेवर उतरत असतानाच पहिला टप्पा घेऊन टाक. भिंतीवर बोट टेकलेलं असू दे. मग साईट एका रेषेत दिसल्या की दाब वाढवत जा, थोडा थोडा, न थांबता. ‘आत्ता दहा दिसला, मार!’ असं मनाने म्हटलं की बोट हिसका देतंच. तू दाबत राहायचं, सुटायचं तेव्हा ते सुटेल.

आणि आपल्या उदगीरकडच्या मुलींना हे लगेच कळतं म्हणून सांगते. देवणी गाईची धार तू काढली नसलीस तरी काढताना बघितली असशीलच. तिथे बोटं एकामागोमाग एक आवळत जातात, सगळी मूठ मिळून काम करते. पिस्तुलावर बरोबर हेच नको असतं. तर्जनीच्या जोडीने बाकीची बोटंही आवळली की नळीचं टोक खाली आणि डावीकडे जातं. तुझे छर्रे डावीकडे खाली जमतात ना? बहुतेक वेळा हेच कारण असतं. तर्जनी एकटीच हलायला शिकव. बसल्या बसल्या, बसमध्ये, अभ्यास करताना रिकामी मूठ धर आणि फक्त तर्जनी मागेपुढे कर. बाकीच्या बोटांना ताकीद दे.

डोळा कुठे ठेवायचा? पुढच्या साईटवर. तिची वरची कड अगदी धारदार दिसली पाहिजे, काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालेल. मन काळ्याकडे पळणार, कारण तिथे गुण आहेत. तू पुढच्या साईटवर परत ये. काळ्याच्या मध्यावर नेम धरायची गरजच नाही. त्याच्या खाली, पांढऱ्या भागात नेम धर म्हणजे काळी साईट काळ्या वर्तुळात हरवत नाही. डावा डोळा आवळून मिटू नकोस, सगळा चेहरा ताणला जातो. त्याच्यासमोर तीस मिलिमीटरपर्यंतची छोटी पट्टी लावायला नियमाने परवानगी आहे, ती लाव.

छर्रा सुटला की लगेच गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे पाहायची खोड सोड. एक-दोन सेकंद तसंच थांब. बोट ट्रिगरवर दाबलेलंच, नजर साईटवर. साईट उडून परत मधे आली का, हे त्यावेळी दिसतं. हाच तुझा खरा निकाल, स्क्रीनवरचा आकडा त्यानंतर बघ.

आणि माझी एक सक्तीची सूचना आहे, त्यावर वाद नको. नेमावर आल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली घे. श्वास संपतो, डोळा थकतो, हाताची हालचाल वाढते आणि मग मन म्हणतं, ‘सोड एकदाचा.’ तो एकदाचा सोडलेला शॉट सातचा असतो. साठ शॉटला पंचाहत्तर मिनिटं मिळतात. म्हणजे एकाला सव्वा मिनिट! कोण घाई करतंय तुला? हात खाली घेणं म्हणजे हार नाही, तो एक वाचवलेला शॉट असतो. सरावात हात खाली घ्यायची लाज वाटू दिली नाहीस, तर स्पर्धेत आपोआप जमेल.

राहीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव. २०१८ साली पालेमबांगच्या आशियाई खेळांत पंचवीस मीटरच्या फायनलमध्ये ती आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून दोघी ३४ वर बरोबरीत होत्या. शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, पुन्हा झाला, आणि राहीने सुवर्ण घेतलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या फायनलमध्ये हात ४५ अंशांत खाली असतो, आणि तीन सेकंदांत उचलून, नेम धरून, ट्रिगर दाबायचा असतो. तीन सेकंदांत मूठ नीट करत बसायला वेळ कुठे? ती हात उचलायच्या आधीच नीट झालेली असते. तुझ्याकडे तर सव्वा मिनिट आहे.

आता तुझी ती मोठी अडचण: ‘ताई, उदगीरहून रोज रेंजवर कसं जायचं?’ नको जाऊस रोज. चांगल्या नेमबाजांचा बराच सराव छर्ऱ्याविना असतो. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते, ट्रिगर तसाच सुटतो, पण काहीही बाहेर पडत नाही. घरातली एक कोरी पांढरी भिंत घे. त्यावर ठिपका नको, कागद नको. समोर काही मारायचंच नसलं की डोळा निमूटपणे साईटवर येतो. हात उचल, साईट एका रेषेत आण, दाब, थांब आणि बघ, सुटताना साईट हलली का? नाही हलली तर तो दहा. सकाळी शाळा-कॉलेजच्या आधी वीस मिनिटं पुरतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी करायचा प्रयत्नही करू नकोस, तळहाताच्या घामाने मूठ सरकते. जवळ सुती पंचा ठेव, दर थोड्या वेळाने हात पूस.

ताकदीसाठी जिमचा हट्ट नको. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली साधारण पिस्तुलाएवढ्याच वजनाची असते. ती नेमाच्या उंचीला धर, वीस-तीस सेकंद, मग तेवढाच आराम. खांदा दुखला की थांब. पाळीच्या दिवसांत अंग जड असेल तर हे सोड, खाली बसून नुसता ट्रिगरचा सराव कर. स्वतःवर चिडायचं नाही.

पण घरातल्या सरावाचे नियम तुझ्या डोक्याला ताप वाटावेत इतके कडक ठेव. पिस्तूल हातात घेताच छर्रा नाही ना, हे दोनदा बघ. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. नळी कधीच माणसाकडे नाही, गंमत म्हणूनही नाही. हात नेमासाठी वर जाईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. झालं की नळीत भगवी सेफ्टी फ्लॅग आणि पिस्तूल पेटीत, कुलूपबंद. धाकटी भावंडं घरात असतील तर हे दुप्पट काटेकोर. आणि गच्चीत किंवा खिडकीशी उभी राहू नकोस, गल्लीतली माणसं उगाच घाबरतात.

आई घाबरते आहे, हे मला माहीत आहे. उदगीरच्या माणसाला शस्त्र म्हटलं की किल्ला आणि १७६० ची लढाई आठवते, आणि पोरीच्या हातात पिस्तूल म्हटलं की रात्रीची झोप उडते. तिच्याशी भांडू नकोस. तिला एकदा रेंजवर घेऊन जा. सगळ्यांच्या नळ्या एकाच दिशेला, हाक आल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि खोलीभर शांतता. तिला सांग की जी. व्ही. मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची स्पर्धा होते. हीना सिद्धू जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, आणि ती दातांची डॉक्टरही आहे. अभ्यास आणि खेळ दोन्ही होतात.

पैशाचंही मोकळं बोलते. परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं. आज घ्यायचं नाही. क्लबच्या पिस्तुलावर शिक, घरच्या सरावालाही तेच प्रशिक्षकांना विचारून आण, एक हंगाम स्पर्धा खेळ, मग वापरलेलं पण नीट राखलेलं शोध. शिबिराला जायचं तर पुण्याचं बालेवाडी आहेच, पण आपल्याला हैदराबाद जास्त जवळ, हे विसरू नकोस. हैदराबादच्याच ईशा सिंगने वयाच्या तेराव्या वर्षी, २०१८ मध्ये, वरिष्ठ गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आणि एक दिवस सगळं जमत असताना भलतंच काही बिघडलं, तर मनूला आठव. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये २८ जुलै २०२४ ला तिने एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात दुसरं मिळवलं. तुझा आजचा पडलेला स्कोअर त्यापुढे काय आहे?

तर या आठवड्यात स्कोअर लिहायचाच नाही, मी सांगते म्हणून. आकड्यांच्या जागी वहीत तीन गोष्टी लिही: मूठ पहिल्याच वेळी नीट बसली का, सुटताना साईट हलली का, आणि हात किती वेळा खाली घेतलास. शेवटचा आकडा मोठा आला तर मी जास्त खूश होईन. कागदावर छर्रे एका जागी जमायला लागले, मग भले ते आठात जमू देत, की साईटचे क्लिक फिरवून त्यांना दहात आणायला दोन मिनिटं लागतात. ते आपण मिळून करू. आधी ते जमव, आणि रविवारी वही घेऊन ये.